दुधाचा लिटर आणि दुधाचा किलो : १.०३ हा आकडा कुठे चालतो आणि कुठे नडतो

प्रश्न थोडक्यात असा आहे. गावातील दूध संकलन केंद्र चालवणारा एक तरुण विचारतो की, संध्याकाळी उत्पादकांचे दूध मापाने, लिटरमध्ये, घेतले जाते. ते रात्रभर बल्क कूलरमध्ये, म्हणजे दूध गार ठेवणाऱ्या मोठ्या टाकीत, थंड होते. आणि सकाळी टँकर आला की हजार लिटरमागे आठ ते दहा लिटर दूध कमी भरते. गळती नाही, सांडलवंड नाही, चोरीचा संशय घ्यावा असा माणूसही केंद्रावर नाही. मग ही तूट येते कुठून? आणि लिटरचे किलो किंवा किलोचे लिटर करण्यासाठी दूध, तूप, तेल अशा सगळ्यांना लावता येईल असा एकच खात्रीचा आकडा आहे का?

डेअरीच्या प्रयोगशाळेत आणि वजनकाट्यावर माझी तीस वर्षे गेली आहेत, आणि हा प्रश्न मला नवीन नाही. दुसऱ्या भागाचे उत्तर आधी देतो, कारण ते सोपे आहे : असा एक आकडा नाही. पहिल्या भागाचे उत्तर त्यातूनच निघते.

किलो हे वस्तुमानाचे एकक आहे आणि लिटर हे घनफळाचे. एक सांगतो की माल किती आहे, दुसरा सांगतो की त्या मालाने जागा किती व्यापली आहे. या दोहोंना जोडणारी गोष्ट म्हणजे घनता, म्हणजे एका लिटरमध्ये किती किलो माल मावतो तो आकडा. लिटरला घनतेने गुणले की किलो मिळतात, किलोला घनतेने भागले की लिटर मिळतात. सूत्र एवढेच आहे आणि त्यात चुकण्यासारखे काही नाही. चुका होतात त्या घनता कोणत्या द्रवाची आणि किती तापमानाची घेतली, यात. पाण्यामुळे आपली सवय बिघडलेली आहे. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, हे शाळेत इतके घोटले जाते की द्रव म्हटला की लिटर आणि किलो एकच, असे मनात बसते. खरे तर पाण्याचेही हे समीकरण ४ अंश सेल्सिअसच्या आसपासच जवळजवळ तंतोतंत जुळते. ३० अंशांना एक लिटर पाण्याचे वस्तुमान ९९५.७ ग्रॅम असते. लिटरची व्याख्याही एके काळी याच गोंधळात सापडली होती. १९०१ मध्ये ती एक किलो शुद्ध पाण्याच्या घनफळावर बेतली गेली आणि त्यामुळे लिटर हा घन डेसिमीटरपेक्षा दशलक्षांश २८ भागांनी मोठा ठरला. १९६४ मध्ये ती व्याख्या मागे घेऊन लिटर म्हणजे नेमका एक घन डेसिमीटर, असे पुन्हा ठरवावे लागले.

आपल्याकडे तर गोंधळाला जुनी परंपरा आहे. शेर हे नाव वजनालाही होते आणि मापालाही. तराजूवर तोलायचा शेर वेगळा, आणि दोन चिपट्यांचे मापटे, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली या मोजणीतला शेर वेगळा. १९५६ च्या कायद्यानंतर, ऑक्टोबर १९५८ पासून, मेट्रिक वजने टप्प्याटप्प्याने आली आणि नावे वेगळी झाली. तरी ‘दहा लिटर दूध तोलून घे’ असे आजही सहज बोलले जाते. बोलण्यात त्याने काही बिघडत नाही, पण पावतीवर बिघडते.

आता दुधाकडे येऊ. डेअरी व्यवसायात एक लिटर दूध म्हणजे १.०३ किलो असे धरतात, आणि संकलन केंद्रावरच्या इलेक्ट्रॉनिक काट्यांनाही लिटर दाखवायला लावले की ते तोललेल्या वजनाला याच आकड्याने भागून दाखवतात. हा आकडा हवेतून आलेला नाही. दुधातील स्निग्धांश, म्हणजे फॅट, पाण्यापेक्षा हलके असते. त्याची घनता साधारण ०.९३ धरली जाते. प्रथिने, दुग्धशर्करा, क्षार यांचा मिळून जो एसएनएफ होतो तो जड असतो. दुधातली त्याची घनता साधारण १.६ पडते. ३.५ टक्के फॅट आणि ८.५ टक्के एसएनएफ असलेले १०० किलो गाईचे दूध घ्या. फॅट ३.७६ लिटर जागा घेते, एसएनएफ ५.३१ लिटर आणि उरलेले ८८ किलो पाणी ८८ लिटर, बेरीज ९७.०७ लिटर होते, आणि १०० ला ९७.०७ ने भागले की १.०३० मिळतात. आता म्हशीचे ६ फॅट आणि ९ एसएनएफचे दूध घ्या. ६.४५, ५.६३ आणि ८५ मिळून ९७.०८ लिटर, म्हणजे पुन्हा १.०३०. म्हशीच्या दुधात फॅट जास्त असल्याने ते हलके व्हायला हवे, पण एसएनएफही जास्त असल्याने ते तेवढेच जड होते, आणि दोन्ही ओढी जवळपास फिटतात. त्यामुळे गाय आणि म्हैस या दोहोंना एकच आकडा चालतो. मात्र फॅट काढून घेतले की ही फिटंफाट मोडते. स्किम दुधाची घनता १.०३५ च्या आसपास जाते, आणि ४० टक्के फॅटचे क्रीम पाण्याहूनही हलके, साधारण ०.९९ भरते. क्रीमच्या कॅनला १.०३ लावणारा माणूस शंभर लिटरमागे चार किलो चुकतो.

हे झाले दुधाच्या घटकांचे. तुमच्या तुटीचे मूळ तापमानात आहे. फॅट आणि एसएनएफ चांगले असलेल्या दुधाची घनता २० अंशांना १.०३० धरली, तर जनावराच्या अंगाच्या तापमानाला, म्हणजे ३८–३९ अंशांना, तीच १.०२३ च्या जवळ उतरते, आणि ४ अंशांपर्यंत थंड केल्यावर १.०३४ च्या जवळ चढते. दूध थंड होताना पाण्यापेक्षा जास्त आकसते, कारण त्यातील फॅट नुसते थंड होत नाही, तर द्रवाचे घट्ट होत जाते आणि घट्ट होताना आणखी जागा सोडते. तुमच्या केंद्रावर धार काढून अर्ध्या-पाऊण तासात आलेले दूध ३४ अंशांच्या आसपास असेल असे धरू. त्याची घनता १.०२५ घेऊ. मापाने मोजलेल्या १,००० लिटर दुधाचे वस्तुमान १,०२५ किलो झाले. सकाळी कूलरमध्ये तेच १,०२५ किलो दूध आहे, पण आता घनता १.०३४ आहे, १,०२५ भागिले १.०३४ म्हणजे ९९१ लिटर. नऊ लिटर कुठेही गेलेले नाहीत. दूध तेवढेच आहे, जागा कमी घेते आहे. थोडे दूध कॅनच्या कडांना आणि पाइपात चिकटून राहते ते निराळे. तुमच्या आकड्याचा मोठा भाग मात्र या आकसण्याचाच आहे.

याला फेसाची जोड असते. धारोष्ण दुधात हवेचे बुडबुडे अडकलेले असतात, आणि माप भरताना वरचा फेसही मापात धरला जातो. फेस बसला की पातळी खाली येते. घाईच्या वेळी रांगेतील पहिल्या आणि शेवटच्या उत्पादकाच्या मापात जो फरक पडतो, तो अनेकदा माप धरणाऱ्याच्या हातापेक्षा या फेसामुळे पडतो. काट्याला फेसाचे काही वाटत नाही, कारण हवेला मोजण्याइतके वजनच नसते. म्हणून दूध मापून घेण्यापेक्षा तोलून घ्यावे, हा माझा आग्रह आहे, आणि तो जुना आहे.

तोलायला लागल्यावरही एक खोच उरते, ती पावतीची. दर किलोचा आहे की लिटरचा, आणि नोंद कशाची होते आहे, हे एकमेकांशी जुळले पाहिजे. समजा दर किलोवर ठरला आहे, आणि उत्पादकाचे मापाचे २० लिटर दूध वहीत ‘२०’ असे उतरवून तेच किलो धरले. १.०३ च्या हिशेबाने ते २०.६ किलो होते. रोज सहाशे ग्रॅम, महिन्याला १८ किलो दूध त्या माणसाच्या हिशेबातून निघून गेले. उलट दर लिटरचा असताना काट्यावरचे १०३ किलो हेच १०३ लिटर म्हणून लिहिले, तर केंद्र शंभर लिटरमागे तीन लिटरचे पैसे जादा देते, आणि वरच्या दूध संघाने तोच हिशेब बरोबर केला की महिनाअखेरीस केंद्राच्या सचिवाला तुटीचा खुलासा द्यावा लागतो. दोन्ही प्रकार मी पाहिलेले आहेत, आणि दोन्हीकडे कोणाची नियत वाईट नव्हती. वहीच्या रकान्यावर एककच लिहिलेले नव्हते.

फॅटच्या हिशेबात हीच गोष्ट आणखी आत शिरते. आपल्या राज्यात गाईच्या दुधाचा दर ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ या प्रतीला धरून लिटरवर जाहीर होतो, पण हे टक्के वजनाचे आहेत. शंभर किलो दुधात साडेतीन किलो फॅट, असा त्याचा अर्थ; शंभर लिटरमध्ये नव्हे. शंभर लिटर म्हणजे १०३ किलो, आणि त्यात फॅट ३.६०५ किलो. म्हशीच्या ६.५ फॅटच्या दुधात शंभर लिटरमागे ६.६९५ किलो फॅट असते; किलो-फॅटवर पैसे द्यायचे असतील आणि लिटरलाच टक्के लावले, तर १९५ ग्रॅम फॅटचे पैसे बुडतात. दुधाच्या पिशवीवरही हे दिसते : टोन्ड दूध ३ टक्के फॅटचे असते, आणि पोषणमूल्ये १०० मिलीलिटरवर दिली असतील तर तिथे फॅट ३.१ ग्रॅमच्या जवळ असायला हवे.

मग फॅट तपासताना आपण दूध पिपेटने, म्हणजे मापानेच, का घेतो, असा प्रश्न एखाद्या चौकस मुलाने विचारला तर त्याला शाबासकी द्यावी. गर्बर पद्धतीत दहा मिली सल्फ्युरिक आम्लावर १०.७५ मिली दूध आणि एक मिली अमाइल अल्कोहोल घालतात. १०.७५ हा विचित्र आकडा का? कारण १०.७५ गुणिले १.०३ म्हणजे ११.०७ ग्रॅम, आणि बुटिरोमीटरच्या, म्हणजे फॅट वाचायच्या काचेच्या, नळीवरच्या खुणा साधारण ११ ग्रॅम दूध धरूनच कोरलेल्या असतात. नळीवरचा एक टक्का म्हणजे ०.१२५ मिली जागा. ६५ अंशांच्या गरम पाण्यात ठेवून वाचताना फॅटची घनता ०.८९ च्या जवळ असते, म्हणजे त्या जागेत ०.११ ग्रॅम फॅट मावते, आणि ०.११ ग्रॅम हा ११ ग्रॅमचा बरोबर शंभरावा भाग. लिटर-किलोचे सारे रूपांतर काचेच्या त्या नळीत आधीच करून ठेवलेले आहे. ते दुधापुरतेच आहे, म्हणून क्रीमची तपासणी करताना क्रीम पिपेटने घेत नाहीत, क्रीमच्या बुटिरोमीटरमध्ये पाच ग्रॅम तोलून घेतात. पिपेटने घेतले तर क्रीम एक तर कमी वजनाचे जाते, आणि शिवाय अर्धे पिपेटच्या भिंतीलाच राहते.

लॅक्टोमीटर हे तर घनतेचेच यंत्र आहे. २८ डिग्री म्हणजे १.०२८, ३० म्हणजे १.०३०, पुढचे ‘१.०’ आपण बोलत नाही एवढेच. दांड्यावर कोणते तापमान कोरले आहे ते पाहून वाचन घ्यावे. २७ अंशांच्या लॅक्टोमीटरला दर अंश जास्त तापमानाला ०.२ मिळवायचे आणि दर अंश कमीला ०.२ वजा करायचे, ही प्रचलित दुरुस्ती आहे. ती चार-पाच अंशांच्या फरकापुरतीच वापरावी, कूलरमधल्या गार दुधात लॅक्टोमीटर टाकून वीस अंशांची दुरुस्ती करण्यासाठी नव्हे. ताज्या दुधाचे वाचनही लगेच घेऊ नये. धार काढल्यावर काही वेळ दुधाची घनता हळूहळू वाढत असते. हवा निघून जाते, फॅट घट्ट होत जाते. जाता जाता हेही सांगतो की, शंभर लिटर दुधात दहा लिटर पाणी घातले तर ११० लिटरचे वजन ११३ किलो होते, घनता १.०२७ वर येते आणि लॅक्टोमीटर तीन डिग्रीने खाली बसतो. पण आधी साय काढून दूध जड केले आणि मग पाणी घातले, तर लॅक्टोमीटर पुन्हा ३० च दाखवतो. म्हणून नुसत्या घनतेवर दुधाची प्रत ठरवू नये. वजन काढण्यापुरती घनता भरवशाची आहे.

दूध मिसळायची वेळ आली की किलोत काम करणे अनिवार्य होते. वजनांची बेरीज नेहमी खरी ठरते, घनफळांची ठरेलच असे नाही. ५० मिली अल्कोहोल आणि ५० मिली पाणी एकत्र केले तर १०० मिली भरत नाही, साधारण ९६–९७ मिलीच भरते. दुधात इतके नाट्य नसते, पण नमुना नापास व्हायला थोडा फरकही पुरतो. समजा ३.५ फॅटचे १,००० लिटर दूध ४० टक्के क्रीम घालून ४.५ फॅटचे करायचे आहे. क्रीमपेक्षा ४.५ हे ३५.५ ने कमी आणि दुधापेक्षा १ ने जास्त, म्हणून ३५.५ भाग दुधाला १ भाग क्रीम. दूध १,०३० किलो, म्हणून क्रीम २९ किलो, म्हणजे लिटरमध्ये २९.३. हाच हिशेब कोणी सरळ लिटरमध्ये केला तर तो २८.२ लिटर क्रीम घालील. ते २७.९ किलोच भरते, आणि मिश्रणाचे फॅट ४.४६ येते. कागदावर गणित बरोबर, यंत्रावर नमुना कमी, आणि मग गर्बरवाल्याने चुकीचे वाचले म्हणून वाद. आमच्या प्रयोगशाळेत हा वाद एकदा तीन पाळ्या चालला होता, आणि शेवटी एका प्रशिक्षणार्थी मुलीने क्रीमची बादली काट्यावर ठेवून तो मिटवला.

माझी स्वतःची चूकही सांगायला हवी. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत गर्बरच्या आम्लाची मागणी लिहिण्याचे काम माझ्याकडे होते. दोन हजार तपासण्या, प्रत्येकी दहा मिली, म्हणजे २० लिटर, असा हिशेब मी केला. पुरवठादार आम्ल किलोत विकत असे, म्हणून मागणीत मी बेधडक २० किलो लिहिले. गर्बर आम्लाची घनता १.८१ च्या आसपास असते. वीस किलो म्हणजे अकरा लिटर. अकराशे तपासण्या झाल्या आणि ऐन पुष्टकाळात, म्हणजे जेव्हा दूध सर्वाधिक येते त्या दिवसांत, आम्ल संपले. दोन दिवस उत्पादकांना मागच्या आठवड्याच्या सरासरी फॅटवर पैसे द्यावे लागले, आणि ज्यांचे फॅट त्या दिवशी चांगले होते त्यांचे बोलणे मी मुकाट्याने ऐकले. मला ३६ किलोंहून थोडे जास्त आम्ल मागवायचे होते.

तुम्ही तेल आणि तुपाचेही विचारले आहे. खाद्यतेले पाण्यापेक्षा हलकी असतात, आणि नेहमीच्या हवेत एक लिटर तेल ९१० ग्रॅमच्या आसपास भरते. पाकिटावर हाच आकडा छापलेला असतो. डब्यांच्या बाबतीत दुकानात खरा घोळ होतो, कारण १५ किलोचा डबाही मिळतो आणि १५ लिटरचाही. पंधरा लिटर तेल म्हणजे १३.६५ किलो, पंधरा किलो तेल म्हणजे साडेसोळा लिटर. समजा लिटरचा डबा २,१०० रुपयांना आणि किलोचा २,२५० रुपयांना आहे. दीडशे रुपये वाचवले असे वाटून लिटरचा डबा घेणारा किलोला जवळपास १५४ रुपये मोजतो, आणि दुसरा १५०. सणासुदीला डबा घेणाऱ्या प्रत्येक घराने डब्यावरची ही एक ओळ वाचावी.

तेलातही तापमान येतेच, आणि ते सरकारी सूचनेचा विषय होण्याइतके आले. काही उत्पादक पाकिटावर घनफळाबरोबर तापमान छापत, आणि ते जितके जास्त, तितके कमी वजनाचे तेल एका लिटरमध्ये बसते. सोयाबीन तेलाचा एक लिटर २१ अंशांना ९१९ ग्रॅम, तर ६० अंशांना ८९२.६ ग्रॅम भरतो. म्हणून केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने ऑगस्ट २०२२ मध्ये तेल उत्पादकांना सांगितले की घनफळ तापमानाशिवाय लिहावे आणि सोबत वजनही द्यावे. त्यासाठी १५ जानेवारी २०२३ पर्यंतची मुदत होती. सोयाबीन तेलाच्या वरच्या दोन वजनांतून प्रत्येक अंशाला लिटरमागे सुमारे ०.६८ ग्रॅमचा फरक निघतो, म्हणजे ३० अंशांना लिटरमध्ये ९१३ ग्रॅम. एवढे लक्षात ठेवले तर मधल्या कोणत्याही तापमानाचा हिशेब तोंडी करता येतो.

तुपाचे तेलासारखेच आहे, फक्त ते अर्धे गोठलेले असताना लिटरमध्ये मोजू नये. पातळ केलेले तूप ४० अंशांना लिटरमागे ९०५ ग्रॅमच्या जवळपास भरते. पंधरा किलोच्या डब्याला त्या तापमानाला साडेसोळा लिटर जागा लागते. बरणीत गरम तूप काठोकाठ भरून विकणाऱ्या बचत गटांच्या ताईंना मी नेहमी सांगतो की, बरणी निवल्यावर तूप खाली बसते आणि गिऱ्हाइकाला ती कमी भरल्यासारखी वाटते; तोलून भरा आणि लेबलवर ग्रॅम लिहा. मधाचे उलट : तो लिटरला १.४ किलोच्या वर जातो, म्हणून अर्धा किलो मधाची बाटली ३५० मिलीचीच असते, आणि त्यात फसवणूक काही नाही.

आकडा ठाऊक नसलेला द्रव समोर आला, समजा काकवी किंवा फळाचा पाक, तर तो शोधत बसण्यापेक्षा स्वतः काढावा. अरुंद तोंडाची काचेची बाटली आणि ग्रॅम दाखवणारा काटा पुरतो. कोरडी रिकामी बाटली तोला. समजा ३४२ ग्रॅम. ती काठोकाठ पाण्याने भरून, बाहेरून पुसून तोला; ८४६ ग्रॅम. पाणी ५०४ ग्रॅम झाले, आणि ३० अंशांना त्याची घनता ०.९९५७ असल्याने बाटलीचे घनफळ ५०६.२ मिली. बाटली पूर्ण वाळवून तीच द्रवाने भरा. तेल भरल्यावर समजा ८०३ ग्रॅम आले, म्हणजे तेल ४६१ ग्रॅम. ४६१ भागिले ५०६.२ म्हणजे ०.९११. पाणी आणि द्रव एकाच तापमानाचे असावेत आणि तोंडाशी बुडबुडा राहू नये, एवढीच काळजी घ्यायची. दाट पाकात बुडबुडे अडकतात. तो थोडा कोमट करून, हळू ओतून, निवू द्यावा आणि मग काठापर्यंत भर घालावी.

परदेशात राहणाऱ्यांसाठी एक ओळ. औंस दोन आहेत : वजनाचा २८.३५ ग्रॅमचा, आणि द्रवाचा, जो अमेरिकेत २९.५७ मिलीचा आणि ब्रिटनमध्ये २८.४१ मिलीचा असतो. गॅलनही तसाच, अमेरिकेत ३.७८५ लिटर आणि ब्रिटनमध्ये ४.५४६. अमेरिकेतील एक गॅलन दूध म्हणजे ३.९ किलो, पनीर किंवा खवा किती पडेल याचा अंदाज तिथून करावा.

तुमच्या केंद्राकडे परत येतो. संध्याकाळची आवक तोलून किलोत नोंदवा, आणि दर लिटरचा असल्याने पावतीवर १.०३ ने भागून लिटरही छापा. दोन्ही रकान्यांच्या डोक्यावर एकक लिहा. काट्याची सेटिंग एकदा स्वतः तपासून पाहा : काट्यावर प्रमाणित दहा किलोचे वजन ठेवून लिटर दाखवायला लावले की ९.७१ आले पाहिजे. १० आले तर तो भागाकार करत नाही, आणि ९.७१ पेक्षा कमी आले तर त्यात कोणी तरी वेगळा आकडा भरून ठेवला आहे. कूलरच्या मापपट्टीचे वाचन घेताना शेजारी दुधाचे तापमान लिहायची सवय लावा. टँकर सुटताना शक्य असेल तर वे-ब्रिजवर रिकाम्या आणि भरलेल्या टँकरचे वजन घ्या, आणि संघाशी हिशेब किलोत मिळवा. तसे एक महिना केल्यावर आठ-दहा लिटरची तूट एक-दोन किलोंवर आलेली दिसेल. तेवढे दूध कॅनच्या कडांना आणि पाइपात राहिलेले असते. तूट त्याहून जास्त राहिली, तर मात्र व्हॉल्व्हच्या खाली बादली ठेवून एक रात्र जागून पाहा.